चिक्कण्णा लेआउट वर चढतंय

नैरोबी
१२ जून २०२५

प्रिय लीलक्का,

इथं येऊन तीन आठवडे झाले आणि तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून आधी रागावून घे. आमच्या बनशंकरीच्या घरात तू वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतीस तेव्हा रोज सकाळी जिन्यावर माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून जायचीस. फोनवर आपलं बोलणं कधी धड झालंच नाही. तुझ्यामागं पाळणाघरातली पोरं रडत असतात आणि माझ्यामागं कुणीतरी मीटिंगला हाक मारत असतं. तेव्हा ईमेलवर का होईना, पत्रच बरं.

हवा थेट आपल्या बंगळूरची. संध्याकाळी स्वेटर लागतो. जेवणाचं म्हणशील तर सारूची पूड आईनं दिलीय, ती पुरवून पुरवून वापरते.

निघायच्या दिवशी तू विचारलं होतंस, एवढं लांब जाऊन तू मोजणार काय? मी घाईत हसून टाळलं. आता सांगते. सोशल मीडियावर जाहिरात द्यायची असली की ती कंपनी जाहिरातदाराला सांगते, अमुक भागात आमचे एवढे लोक आहेत, त्यातले एवढे महागडा फोन वापरतात, एवढ्यांकडे वेगवान नेटवर्क आहे, एवढ्या बायका स्वतःचा धंदा चालवतात. नावं नाहीत, फोटो नाहीत, नुसते आकडे. हे आकडे घेऊन आम्ही अंदाज बांधतो की तो भाग किती सुखवस्तू आहे आणि वर चढतोय की खाली जातोय. जिथं सरकारी पाहणी वर्षानुवर्षं पोचत नाही, तिथं हे दर दोन महिन्यांनी कळतं. आफ्रिकेतल्या तीन देशांचं काम इथून चालतं. बंगळूरचं कामही माझ्याच टीमकडं आहे, मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसून तेच करत होते.

आता खरी गंमत. काल बंगळूरचा नवा नकाशा आला आणि मी सगळ्यात आधी तुझा भाग शोधला. लीलक्का, चिक्कण्णा लेआउट वर चढतंय! पश्चिमेकडच्या सगळ्या भागांत सर्वांत वेगानं. चांगले फोन वाढलेत आणि स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बायका तर दुपटीहून जास्त झाल्यात. तू तिथं पाळणाघर काढलंस तेव्हा राजाजीनगरची माणसं म्हणायची, रुळांपलीकडं कशाला जाता. त्यांना हा नकाशा दाखवावा असं वाटलं.

तिथं काय काय चाललंय ते सविस्तर लिही. माझ्या आकड्यांमागची माणसं मला कधी दिसत नाहीत. तुझ्याकडून दिसतील.

तुझी,
संपदा


चिक्कण्णा लेआउट, बंगळूर
१९ जून २०२५

संपदा,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू चेष्टा करायलीस.

आमच्याकडं काय झालंय ते ऐक. गारमेंटची मोठी फॅक्टरी, जिच्या भोंग्यावर आमचं पाळणाघर उघडायचं आणि मिटायचं, ती फेब्रुवारीत बंद पडली. सकाळी बाया गेल्या तर गेटला कुलूप आणि वॉचमन म्हणतोय, मला काही माहीत नाही. आमच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या आया तिथं होत्या. हिशेब म्हणून जे हातात पडलं त्यातून कित्येकींनी जुन्या बाजारातून फोन घेतले. का? तर नोकरी गेल्यावर दुसरं करणार काय? कुणी ब्लाऊज शिवते, कुणी सुरतेहून आलेल्या साड्यांचे फोटो टाकून विकते, कुणी चटणीपूड करते. गिऱ्हाईक फोनवरच मिळतं. तुझ्या त्या दुपटीहून जास्त झालेल्या धंदेवाल्या बाया त्या ह्याच. आधी मशीनवर बसायच्या तेव्हा दिवसभर फोन लॉकरमध्ये असायचा. तेव्हा तुला त्या दिसत नव्हत्या. आता उपाशीपोटी फोन घेऊन बसल्यात तर दिसायला लागल्या.

आता दुसरं ऐक. आमचं पाळणाघर ज्या ट्रस्टच्या पैशावर चालतं त्यांचं पत्र आलंय. सप्टेंबरअखेर मदत बंद. कारण लिहिलंय, ‘आपला विभाग निर्देशांकानुसार वरच्या गटात गेला असल्यानं.’ निर्देशांक कुणाचा ते खाली छापलंय. तुझ्या कंपनीचं नाव आहे.

तू विचारशील, फॅक्टरीच नाही तर पाळणाघर कशाला? बऱ्याच जणी आता पार पीण्या औद्योगिक वसाहतीच्या पुढं दुसऱ्या फॅक्टरीत जातात, उजाडायच्या आत निघतात. काही जणी राजाजीनगरात घरकाम करतात. ज्या घरी शिवतात त्यांची खोली एवढी की मशीन ठेवलं की मूल ठेवायला जागा नाही. मागल्या महिन्यात गंगव्वाच्या नातीनं मशीनच्या सुईखाली बोट घातलं. गंगव्वा आमच्याकडं स्वयंपाक करते, तू तिच्या हातचं उपीट खाल्लंयस. तेव्हापासून त्या पोरीलाही आम्ही इथंच ठेवतो.

माणसं दिसू देत म्हणालीस. ही दिसली.

शिवलीला


नैरोबी
२६ जून २०२५

प्रिय लीलक्का,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ट्रस्ट आमचा निर्देशांक, म्हणजे त्या नकाशामागचे आकडे, विकत घेते हे मला माहीत होतं, पण तुझं पाळणाघर त्यांच्याच पैशावर आहे हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही.

तरी एक सांगू दे, रागावू नकोस. तू लिहितेस त्यावरून वाटतं की आम्ही खोलीत बसून कुणाच्याही तोंडचा घास काढतो. तसं नाही. जनगणना किती वर्षं रखडली ते तुला माहीत आहे. मधल्या काळात कुठल्या वस्तीचं काय झालं हे सांगायला कुणीच नसतं. मागल्या वर्षी इथल्या एका जिल्ह्यात पूर आला. कुठली गावं पार तुटली ते सरकारच्या आधी आमच्या नकाशावर दिसलं आणि धान्याचे ट्रक तिकडं वळले. ते मी बंगळूरच्या ऑफिसात बसून स्वतः बघितलंय. हजारो जागांचा अंदाज बांधायचा म्हणजे एखादी चुकणारच, आणि एकीसाठी सगळं गणित मोडता येत नाही.

यशोवर्धनशी बोलले. तो माझा वरिष्ठ, मला इथं पाठवण्यासाठी तोच भांडला होता. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, असा एखादा भाग वेडावाकडा येतो, सरासरीत ते धुऊन जातं. मला ते पूर्ण पटलं असं नाही.

तू ट्रस्टला रीतसर अर्ज दे. फॅक्टरी बंद झाल्याचा कागद जोड, मुलांची हजेरी जोड. माणसं समजूतदार आहेत. तोवर स्वल्प शांत राहा. तू चिडलीस की कुणाचं ऐकत नाहीस हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

संपदा


चिक्कण्णा लेआउट
४ जुलै २०२५

संपदा,

अर्ज दिला होता. तू सांगायच्या आधीच. आज उत्तर आलं. पाळणाघराबद्दल आदर आहे, पण निवड निर्देशांकावरच होते, वैयक्तिक विनंत्या घेतल्या तर पक्षपात होईल. ऑगस्टच्या मध्याला नवा निर्देशांक येईल, त्यात फरक दिसला तर पुन्हा विचार करू. समजूतदार आहेत खरे.

मी शांत आहे. फक्त एक विचारायचं होतं. तुझं मशीन एखाद्या बाईला कधीपर्यंत मोजतं? म्हणजे तिनं फोन उघडलाच नाही तर? सहज विचारते. इथं बाया विचारायल्यात, मला सांगता येईना.

शिवलीला


नैरोबी
८ जुलै २०२५

लीलक्का,

बायका विचारतात हे वाचून बरं वाटलं. महिनाभर कुणी खातं उघडलंच नाही तर ती व्यक्ती त्या भागाच्या आकड्यातून गळते. आणि एखाद्या भागात फारच कमी लोक उरले तर ती सोशल मीडियाची कंपनी आकडाच देत नाही, म्हणजे कुणा एकाची ओळख पटू नये म्हणून. मशीन वगैरे काही नाही गं, नुसती गणितं. अजून काही विचारायचं असेल तर खुशाल विचार, मी सोपं करून सांगेन.

ऑगस्टच्या आकड्याची मीही वाट बघते. तुझ्या मनासारखं होवो.

संपदा


नैरोबी
१३ ऑगस्ट २०२५

लीलक्का,

तू कुठं आहेस?

आज सकाळी नवा नकाशा उघडला. चिक्कण्णा लेआउट तळाला गेलंय. मी आकडे दोनदा नव्यानं मागवले, तेच आले. बायका जवळजवळ नाहीतच. धंदे नाहीत. लीलक्का, एखादा भाग असा एकाएकी पडलेला मी दोनच वेळा पाहिलाय. एकदा पुरात आणि एकदा रातोरात झोपड्या पाडल्या तेव्हा.

तुला फोन लावला, बंद. पाळणाघराचा फोन बंद. जूनपासून तुझं एकही पत्र माझ्या पत्राच्या आठ दिवसांबाहेर गेलं नव्हतं, आणि आता महिना उलटून गेला. मी किती वेडी, मला वाटलं तू कामात असशील.

शेवटी सुमंतला पाठवलं. माझा धाकटा भाऊ कसा आहे तुला माहीत आहे, बनशंकरी सोडून रुळांपलीकडं जायचं म्हणजे त्याला परदेश. तरी गेला बिचारा. संध्याकाळी फोन आला. म्हणाला, घरं जागेवर आहेत, पाणी कुठं नाही, पोलीस नाहीत. पाळणाघरात मुलं झोपली होती. तू बाहेर गेली होतीस. बायकांनी त्याला कॉफी दिली, केळं दिलं, आईची चौकशी केली. काय झालंय विचारलं तर सगळ्या म्हणाल्या ‘एल्ला चेन्नागिदे’, सगळं छान आहे, आणि एकमेकींकडं बघून हसल्या. त्याला वाटलं कुणीतरी त्यांना गप्प बसायला सांगितलंय, हसणं भीतीचं होतं. मलाही आता तेच वाटतंय. कुणी धमकावलंय का तुम्हाला? जागा खाली करायला सांगितलीय का?

मिळेल तिथून एक ओळ लिही. नुसतं ‘आहे’ एवढंच लिही.

संपदा


चिक्कण्णा लेआउट
१६ ऑगस्ट २०२५

संपदा,

आहे. आम्ही सगळ्या आहोत. सुमंताला सांग, हसणं भीतीचं नव्हतं. त्याचे बूट कुत्र्यानं पळवले होते आणि त्याला ते अजून कळलं नव्हतं. नंतर आणून दिले म्हणे.

कुणी धमकावलं नाही. तुला घाबरवलं त्याबद्दल मन खात राहिलं माझं, पण आधी सांगितलं असतं तर तू गोत्यात आली असतीस. तुला काही माहीत नव्हतं, हे तुला खरेपणानं सांगता यावं म्हणून गप्प बसले.

तुझं आठ जुलैचं पत्र मी पाळणाघरात सगळ्यांना कन्नडमध्ये वाचून दाखवलं. महिनाभर फोन उघडला नाही तर बाई गळते. मग गंगव्वा म्हणाली, “दिसतो म्हणून पोरांचं घर बंद करतात, तर मग नाही दिसत.”

एवढंच झालं. मी काही भाषण केलं नाही. उलट मीच म्हणत होते, नीट विचार करा. कारण तुला माहीत आहे, आठ ऑगस्टला वरमहालक्ष्मीचा सण होता. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात साड्या आणि ब्लाऊज जेवढे जातात तेवढे अख्ख्या वर्षात जात नाहीत. फोन बंद म्हणजे ती सगळी गिऱ्हाइकं गेली. तरी बाया तयार झाल्या. दारोदार फिरून सांगितलं. दोन्ही गल्ल्या, मागची चाळ, पाण्याच्या टाकीकडच्या खोल्या. पोरींनी रील बंद केले. नवऱ्यांनी आरडाओरडा केला, काहींनी स्वतःचेही बंद केले. साधे बटणांचे जुने फोन कपाटातून निघाले, बोलण्यापुरते. माझ्या फोनची तर बॅटरीच फुगलेली निघाली, म्हणून तुला लागला नाही. पाळणाघराचा स्मार्टफोन मी बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवलाय. ह्या कॉम्प्युटरवरून लिहायचं टाळत होते, कारण लिहायला बसले की तुला सगळं सांगितल्याशिवाय राहवलं नसतं.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नकोस. स्मिता म्हणून एक आहे, सोलापूरकडची, गेल्याच वर्षी आली. नवरा मारतहळ्ळीला कुठल्याशा इमारतीत सिक्युरिटीला होता, तो सोडून गेला. तिचं सगळं घर ब्लाऊजवर चालतं. तिनं फोन बंद केला नाही. चार दिवसांनी बायांना कळलं आणि नळावर तिला खूप बोलल्या. ती पाळणाघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “अक्का, मी फोन बंद केला तर माझी पोरगी काय खाणार ते सांगा, आत्ता बंद करते.” मी बायांना म्हटलं, तिचा फोन चालू राहील, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना तिच्याकडं पाठवा, ज्या शिवतात त्यांनी तिच्याकडून काम वाटून घ्या. दोघी-तिघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण काम वाटून घेतलं. वरमहालक्ष्मीचे ब्लाऊज स्मिताच्या एका फोनवर निम्म्या गल्लीनं शिवले.

आता माझं म्हणणं ऐक. कुणी म्हणेल ही लबाडी आहे. आम्ही एकही खोटं अक्षर लिहिलं नाही. कुणाचं खोटं खातं काढलं नाही. फेब्रुवारीत आमची भाकरी गेली तेव्हा तुमचा नकाशा म्हणाला, वर चढल्या. आता आम्ही आहोत तशाच आहोत आणि तो म्हणतोय, तळाला गेल्या. दोन्ही वेळा आमच्याकडं कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर दोन्ही वेळा चुकले नसते.

तू काय करायचं ते तुझं तू ठरव. आमच्यासाठी काही कर असं मी म्हणत नाही, आणि गप्प राहा असंही म्हणत नाही.

शिवलीला


नैरोबी
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय लीलक्का,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग सुमंतच्या बुटांवर हसले, मग दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडले. तू माझ्याकडूनच कुलपाची किल्ली काढून घेतलीस आणि मी बावळटासारखी ‘सोपं करून सांगेन’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी राग गेला. आता काय झालं ते क्रमानं लिहिते.

नकाशा ट्रस्टकडं जायच्या आधी यशोवर्धननं मला बोलावलं. तुझा भाग त्यानंही पाहिला होता. म्हणाला, नेटवर्क गेलेलं दिसतंय, तशी टीप टाक आणि जूनचाच आकडा पुढं ओढ. आम्ही असं करतो, लीलक्का. कुठं टॉवर बंद पडला की मागचा आकडा पुढं ओढायचा. त्यात काही गैर मानत नाहीत.

मी म्हटलं, “नेटवर्क गेलं नव्हतं.”

“तुला काय माहीत?”

“तिथं माझं माणूस आहे. बायकांनी फोन बंद ठेवले. ठरवून.”

त्यानं तो नकाशा पुन्हा उघडला. मग म्हणाला, म्हणजे त्यांनी आकड्यांत ढवळाढवळ केली, मग तर जूनचाच आकडा खरा. मी विचारलं, आपला फोन आपण बंद ठेवणं ही ढवळाढवळ कधीपासून झाली? जूनमध्ये त्यांची नोकरी गेली होती आणि आपण त्यांना श्रीमंत ठरवलं, तो आकडा कुठल्या तोंडानं खरा म्हणायचा? त्यावर तो चिडला नाही. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं मला समजावलं. म्हणाला, हे एका भागाचं बाहेर पडलं तर उद्या प्रत्येक गिऱ्हाईक विचारेल, बाकीच्या हजारोंचं काय? पुराच्या गावांना ट्रक जायचे थांबतील. तुला ते हवंय का?

मला ते नकोय. ह्यावर मी खूप विचार केला. पूर आलेल्या गावात लोक नाहीसे होतात ते आम्हाला दिसतं, ते खरंच दिसतं, आणि मी ते काम पुन्हा करीन. पण दिसण्यापलीकडं आम्हाला काही कळत नाही, आणि कळतं असं म्हणून आम्ही विकतो. बाकीच्या हजारोंचं काय, हा प्रश्न त्यानं मला गप्प करायला विचारला. मला तो प्रश्न खराच वाटला. त्या हजारोंत अजून किती फॅक्टऱ्या बंद पडल्यात आणि आम्ही तिथं टाळ्या वाजवल्यात?

मी अहवालात फॅक्टरीपासून सगळं लिहिलं. कुणाचं नाव नाही घातलं. दुसऱ्या दिवशी अहवालात ते पान नव्हतं, नेटवर्कची टीप होती आणि खाली माझं नाव होतं. मग मी तेच पान माझ्या सहीनं ट्रस्टला थेट पाठवलं. शेवटी लिहिलं, ह्या दोन्ही आकड्यांवर विश्वास ठेवू नका, माणूस पाठवा.

काल मला ह्या कामावरून काढलं. गोपनीयतेचा करार मोडला म्हणून नोटीस आलीय, नोकरीही जाईल हे उघड आहे. अठरा सप्टेंबरचं परतीचं तिकीट दिलंय. यशोवर्धन शेवटी म्हणाला, तू तुझं नुकसान केलंस आणि त्यांचाही फायदा होणार नाही. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

आईला अजून सांगितलं नाही. ती विचारेल, एवढी चांगली नोकरी, एक टीप टाकली असतीस तर काय बिघडलं असतं? मी उत्तर तयार केलंय. माझं नाव होतं खाली.

तुझी,
संपदा


चिक्कण्णा लेआउट
७ सप्टेंबर २०२५

प्रिय संपदा,

तुझ्या आईला तूच सांग, पण मी बरोबर येते. त्या चिडल्या तर आधी माझ्यावर चिडू देत, सवय आहे त्यांना.

इथलं सांगते. तुझं पत्र ट्रस्टला पोचलं होतं, पण त्याआधी कंपनीचा नकाशाही पोचला, टीप लावून. त्यावर त्यांचं आम्हाला पत्र, ‘आपल्या विभागात बदल आढळला नाही.’ ते मी वाचलं आणि कुणाला काही न विचारता म्हटलं, चला. चार तारखेला आम्ही निघालो.

पाळणाघराला सुट्टी देता येत नव्हती, आया कामावर होत्या. म्हणून पाळणाघरच घेऊन गेलो. ज्या बाया घरी शिवतात त्या सगळ्या आल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक आणि हाताला एक. बस आम्हा बायांना फुकट आहेच. कंडक्टर म्हणाला, कसलं लग्न आहे अम्मा? गंगव्वा म्हणाली, बारसं आहे.

ट्रस्टचं ऑफिस तू पाहिलं असशील. खाली काचेचं दार, आत गार हवा, मोठ्ठा रिकामा हॉल आणि भिंतीवर हसणाऱ्या मुलांचे फोटो. रिसेप्शनवर रोशन म्हणून एक सज्जन मुलगा होता. त्यानं अपॉइंटमेंट विचारली. मी म्हटलं, नाही, आम्ही काम करायला आलोय, तुमच्या पैशाचं पाळणाघर आहे, आज इथं भरतंय. त्याला काही सुचेपर्यंत सतरंज्या पसरून झाल्या. बायांनी खिडकीच्या दांड्यांना साड्यांच्या झोळ्या बांधल्या. गंगव्वानं घरून आणलेलं उपीट वाढलं. मुलं जेवली, सांडली, काचेवर हात फिरवले. मग नेहमीच्या वेळी झोपली. एवढी मुलं एकदम झोपली की कसली शांतता होते ते तुला सांगून कळायचं नाही. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली.

सुप्रीता मॅडम म्हणून तिथल्या प्रमुख आहेत. त्या खाली आल्या. चप्पल काढून सतरंजीवर बसल्या, हे मला आवडलं. हातात तुझं पान होतं. म्हणाल्या, हे दोन आठवडे माझ्या टेबलावर आहे, कुणाचं खरं मानावं मला कळत नव्हतं. मी म्हटलं, “मॅडम, रुळांपलीकडं यायला तुम्हाला किती वेळ लागला असता?” स्मिताला त्यांनी विचारलं, तुमचा फोन तर चांगला दिसतो. स्मितानं फोन त्यांच्या हातात दिला. काच फुटलेली, मागं रबर बँड. म्हणाली, ह्यावर मी माझी पोर वाढवते, ह्याला श्रीमंती म्हणायचं असेल तर म्हणा. मागल्या महिन्यात तिला नळावर बोललेली बाई तिच्या शेजारी बसली होती, तिनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

काय मिळालं ते ऐक. फार नाही. पाळणाघराला मार्चपर्यंत पैसे मिळतील, पूर्ण वर्ष नाही. तोवर त्यांचं माणूस येऊन राहून बघेल आणि पुढचं त्यावर ठरेल. एकट्या आमच्यापुरतं नाही, शहरात जिथं जिथं ह्या वर्षी मदत थांबवली तिथं सगळीकडं माणूस जाईल असं लिहून घेतलं. त्या वाक्यासाठी आम्ही दुपारी उठलो नाही, मुलं उठली तरी. तुझ्या पानावरचे ते शेवटचे दोन शब्द, ‘माणूस पाठवा’, मी मॅडमना परत परत दाखवत होते.

मार्चनंतर नाही म्हणाले तर? पाळणाघर उघडंच राहील. खोली आमची आहे, सतरंज्या आमच्या आहेत, पोरं तर आमचीच. बायांनी आत्ताच ठरवून टाकलंय.

काल सगळ्यांनी फोन चालू केले. दिवसभर नुसता टिंगटिंग आवाज. दसऱ्याच्या ऑर्डरी यायला लागल्यात. सुमंता पुन्हा आला होता, आता त्याला रस्ता पाठ झाला. त्यानं त्याच्या फोनवर तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नकाशा उघडून दाखवला. राजाजीनगर हिरवं, पलीकडं पिवळं, आणि मध्ये आमच्या जागी राखाडी ठिपका. त्यावर बोट ठेवलं तर लिहून आलं, माहिती उपलब्ध नाही. कंपनीनं आम्हाला नकाशातून काढूनच टाकलंय. सुमंता बिचारा वाईट तोंड करून उभा होता, त्याला वाटलं आम्ही हरलो. बाया विचारायला लागल्या, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी कन्नडमध्ये सांगितलं.

गंगव्वा नातीचे केस विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, “सरी बिडी, असू द्या. आता चालत यावं लागेल त्यांना.”

शिवलीला